शेवटची तीन मिनिटं

हॅट्रिक या ऑनलाइन फुटबॉल खेळात बाजारात टाकलेला खेळाडू तीन दिवस बोलीवर राहतो. विकणाऱ्यानं ज्या मिनिटाला त्याला बाजारात टाकलं, त्याच मिनिटाला तिसऱ्या दिवशी बोली बंद व्हायची असते. पण शेवटच्या तीन मिनिटांत कुणी नवी बोली लावली, तर घड्याळ पुन्हा तीन मिनिटं पुढं सरकतं. आणखी कुणी लावली, तर आणखी तीन. एखाद्या तयार मिडफिल्डरसाठी एक इटलीतला आणि एक पोलंडमधला असे दोघं इरेला पेटले, तर साडेबाराला बंद होणारी बोली एक वाजला तरी चालूच असते.

साडेबारा म्हणजे रात्रीचे. युरोपातले लोक जेवणं उरकून संध्याकाळी खेळाडू बाजारात टाकतात, त्यामुळं त्यांची वेळ आपल्याकडं मध्यरात्रीनंतर येते. मी एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला असतो. टँकर आला की नमुना घ्यायचा, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचा घन भाग, बघायचं, नोंद करायची. दोन टँकरांच्या मधल्या वेळात मी माझी टीम सांभाळतो. बरीच वर्षं सांभाळतोय. या काळात मला एका प्रश्नानं चांगलंच धरून ठेवलंय: खेळाडू विकत घेणं कुठल्या क्षणी थांबलं पाहिजे, आणि ते कुणासाठी?

हॅट्रिकचा हंगाम सोळा आठवड्यांचा. एका गटात आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे चौदा सामने. तळाचे दोन संघ थेट खालच्या गटात जातात आणि पाचव्या-सहाव्याला खालच्या गटातल्या विजेत्यांशी पात्रता सामना खेळावा लागतो. म्हणजे आठांपैकी चौघांच्या मानेवर तलवार. बारावी फेरी संपली की बाजार तापायला लागतो. सतरा वर्षांच्या पोराला घेऊन दोन-तीन हंगाम आठवड्या-आठवड्यानं घडवणारा एक मॅनेजर असतो, आणि सामन्याच्या आदल्या रात्री सगळी शिल्लक ओतून तयार स्ट्रायकर आणणारा दुसरा. दुसऱ्या दिवशी दोघांची गाठ पडते. पहिल्याची दोन-तीन हंगामांची मेहनत नव्वद मिनिटांत वाया जाते. हे पाहून नवे खेळणारे चिडतात आणि म्हणतात, हा कॉम्प्युटरच्या खेळाचा दोष आहे. तो तसा नाही. हे दुखणं खऱ्या मैदानांवर शंभर वर्षांहून जुनं आहे, आणि त्यावरचे उपायही.

१९०५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचा मिडल्सबरो हा क्लब पहिल्या डिव्हिजनमधून खाली घसरायच्या बेतात होता. जवळजवळ दोन वर्षं त्यांनी परक्या मैदानावर एकही सामना जिंकला नव्हता. त्यांनी शेजारच्या संडरलंडकडून आल्फ कॉमन हा फॉरवर्ड घेतला, एक हजार पौंड देऊन. एका खेळाडूसाठी हजार पौंड मोजले जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या काळी लीगनं खेळाडूचा पगार आठवड्याला चार पौंडांवर बांधून ठेवलेला होता, म्हणजे त्या रकमेत एका माणसाचा जवळजवळ पाच वर्षांचा पगार निघाला असता. वर्तमानपत्रांत गहजब झाला. माणसाची खरेदी-विक्री चालली आहे, असा सूर निघाला. कॉमन पहिला सामना खेळला तो शेफील्ड युनायटेडच्या मैदानावर, म्हणजे ज्या क्लबनं काही महिन्यांपूर्वी त्याला ५२० पौंडांना संडरलंडला दिलं होतं त्यांच्याच दारात. त्यानं पेनल्टीवर गोल केला आणि मिडल्सबरो १-० नं जिंकला. हंगामाअखेर ते अठरा संघांत पंधरावे आले. वाचले.

मिडल्सबरोनं केलं ते नियमात बसणारं होतं. कुणाची फसवणूक नव्हती, खेळाडू खरा होता, पैसे खरे होते. तरीही इंग्लंडभरच्या क्लबांना त्यात काहीतरी खुपलं. सप्टेंबरपासून ज्या संघांशी सगळे खेळले होते, त्यातला एक संघ फेब्रुवारीत वेगळाच झाला होता. त्याच्याशी आधी खेळलेल्यांना एक मिडल्सबरो भेटला आणि नंतर खेळणाऱ्यांना दुसरा. आणि गुणतक्ता मात्र एकच.

पहिला उपाय पैशाला आवर घालण्याचा झाला. १९०८ मध्ये फुटबॉल असोसिएशननं ट्रान्सफरची रक्कम ३५० पौंडांवर बांधली. काही महिन्यांतच तो नियम मागं घ्यावा लागला. एका चांगल्या खेळाडूच्या सौद्यात दोन फालतू खेळाडू जोडून द्यायचे, प्रत्येकाची किंमत ३५० लावायची, की काम झालं. अशा वाटा क्लबांनी लगेच शोधल्या. किमतीवर मर्यादा घातली की पैसा दुसऱ्या दारानं आत येतो, हे मी हॅट्रिकमध्येही पाहिलंय. दुसरा उपाय मात्र टिकला. १९११ पासून फुटबॉल लीगनं मार्चच्या मध्यावर रेघ ओढली. त्यानंतर नोंदवलेला खेळाडू लीगच्या परवानगीशिवाय उरलेल्या हंगामात खेळवता येत नसे. विकत घ्या, हवे तेवढे पैसे द्या, पण यंदा तो तुमच्यासाठी मैदानात उतरणार नाही. पैशाला हात न लावता वेळेला हात घातला. मला वाटतं, खेळांच्या इतिहासात इतका साधा आणि इतका नेमका नियम क्वचितच सापडेल.

अमेरिकेत हेच शहाणपण यायला एका शहराचं मन मोडावं लागलं.

१९२२ साली सेंट लुईसमध्ये बेसबॉलचे दोन संघ होते, अमेरिकन लीगमधला ब्राउन्स आणि नॅशनल लीगमधला कार्डिनल्स. ब्राउन्सनं तोवर एकदाही लीग जिंकली नव्हती. त्या वर्षी मात्र सगळं जुळून आलं होतं. त्यांच्या जॉर्ज सिस्लरची फलंदाजीची सरासरी त्या हंगामात .४२० होती, जी आजही बेसबॉलच्या पुस्तकांत सर्वोच्च आकड्यांच्या रांगेत आहे. संघ न्यूयॉर्क यँकीजशी बरोबरीनं झुंजत होता. २३ जुलैला यँकीजनं बोस्टन रेड सॉक्सकडून थर्ड बेसमन जो डुगन घेतला. रेड सॉक्सचा मालक हॅरी फ्रेझी, म्हणजे ज्यानं दोन-अडीच वर्षांपूर्वी बेब रूथ याच यँकीजला विकला होता तो. आठवडाभरात न्यूयॉर्कच्याच जायंट्सनं बोस्टनच्या दुसऱ्या संघाकडून, ब्रेव्हजकडून, ह्यू मॅकक्विलन हा पिचर घेतला. दोन्ही लीगमध्ये न्यूयॉर्क आणि सेंट लुईस यांची चुरस, आणि दोन्ही वेळा बोस्टनच्या तळातल्या संघानं माल पुरवला. सेंट लुईसमध्ये संताप उसळला तो उगाच नव्हे.

हंगाम संपला तेव्हा यँकीज ९४ सामने जिंकले होते आणि ब्राउन्स ९३.

एक सामना. डुगन नसता तर ब्राउन्स जिंकलेच असते, असं छातीठोकपणे कुणालाही म्हणता येणार नाही. तेव्हा बेसबॉलचा हंगाम १५४ सामन्यांचा असे आणि एका सामन्याची कारणं शंभर निघतात. पण गावाला हा हिशेब पटत नाही आणि पटू नये. सेंट लुईसच्या तक्रारींचा परिणाम झाला. १९२३ पासून खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख १५ जून झाली. त्यानंतर एखादा खेळाडू द्यायचा तर आधी लीगमधल्या इतर संघांनी त्याच्यावरचा हक्क सोडावा लागे. ही तारीख साठहून अधिक वर्षं टिकली; १९८६ मध्ये ती ३१ जुलैवर गेली. ब्राउन्सला मात्र पहिलं विजेतेपद मिळायला १९४४ उजाडावं लागलं, आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज ते गावातल्याच कार्डिनल्सकडून हरले. १९५३ नंतर तो संघ बाल्टिमोरला गेला. सेंट लुईसमध्ये तो उरला नाही, त्याच्या तक्रारीतून आलेली तारीख उरली.

अर्थशास्त्रज्ञांनी या सगळ्याला सिद्धांताचं रूप फार उशिरा दिलं. सायमन रोटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉल खेळाडूंच्या बाजारावर निबंध लिहिला. निकालाची अनिश्चितता हीच प्रेक्षकाला मैदानावर आणते, हा विचार तिथून पुढं रुळला. १९६४ मध्ये वॉल्टर नील यांनी त्याच धाग्यावर दाखवून दिलं की खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी पार बुडाला तर आपलाही धंदा बुडतो. किराणा दुकानदाराला समोरचं दुकान बंद पडलं तर आनंद होईल. यँकीजला समोर कुणीतरी उभं राहावंच लागतं. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलनं १९३६ पासून ड्राफ्ट सुरू केला, ज्यात गेल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड मिळते, तोही याच समजुतीचा भाग.

आता खेळाच्या खेळाकडं वळू.

१९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकानं मित्रांना जमवून एक लीग काढली. खऱ्या बेसबॉल खेळाडूंचा लिलाव करायचा, प्रत्येकाकडं ठरलेली रक्कम, त्यात ठरलेले खेळाडू घ्यायचे, आणि मग हंगामभर त्या खेळाडूंच्या खऱ्या आकडेवारीवर आपले गुण मोजायचे. ला रोटिसरी फ्रांसेज नावाच्या ज्या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जमत, त्यावरून त्याचं नाव रोटिसरी लीग पडलं. पुढच्याच वर्षी बेसबॉलमध्ये संप झाला, मैदानं रिकामी पडली, आणि लिहायला विषय नसलेल्या क्रीडा पत्रकारांनी हा खेळ देशभर पोचवला. आणि या घरगुती लीगमध्येही तेच झालं. ऑगस्ट आला की तळाला पडलेले लोक आपले महागडे स्टार वरच्यांना देऊन टाकत आणि बदल्यात पुढच्या वर्षीसाठी स्वस्त, होतकरू पोरं घेत. दोघांचंही भलं, आणि मधल्या फळीत प्रामाणिकपणे झगडणाऱ्याचं वाटोळं. गावोगावच्या रोटिसरी मंडळींना आपापल्या नियमांत अदलाबदलीची शेवटची तारीख लिहावी लागली. मोठ्या पैशांचा प्रश्न नव्हता, मालकी नव्हती, प्रेक्षक नव्हते. तरी तारीख लागलीच.

घरच्या कॉम्प्युटरवर फुटबॉल मॅनेजर होण्याची सोय १९८२ मध्ये केविन टॉम्स यांच्या गेमनं केली, आणि १९९२ मध्ये पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा चॅम्पियनशिप मॅनेजर आला. ते खेळ मला मनापासून आवडतात, पण समतोलाच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध थोडाच, कारण समोर यंत्र असतं. यंत्रावर अन्याय होत नाही. तुम्ही शेवटच्या दिवशी पाच स्टार विकत घेतले तरी रात्री कुणाची झोप उडत नाही.

१९९७ मध्ये स्वीडनमध्ये ब्यॉर्न होल्मेर यांनी हॅट्रिक सुरू केलं तेव्हा समोर माणूस आला, तोही अनोळखी, दुसऱ्या घड्याळावर जगणारा. सुरुवात सोळा संघांनी झाली. बहरात असताना खेळणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या जवळ गेली होती आणि शंभराहून अधिक देशांच्या लीग उभ्या होत्या. भारताचीही आहे, मी तिथंच खेळतो. बाजार मात्र सगळ्या जगाचा एकच. म्हणून खेळाडू कधी विकत घ्यायचा याच्या आधी बोली कधी संपते हा प्रश्न सोडवावा लागला.

हाही प्रश्न जुनाच. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये जहाजं मेणबत्तीवर विकली जात. इंचभर मेणबत्ती पेटवायची, आणि ती विझण्याआधी ज्याची बोली शेवटची त्याचं जहाज. नौदलाच्या कचेरीत असलेल्या सॅम्युएल पेप्स यांनी १६६२ च्या रोजनिशीत एका हुशार बोलीदाराची गोष्ट नोंदवली आहे. बाकीचे नुसती ज्योत बघत ओरडत असताना या गृहस्थाला ठाऊक होतं की विझण्याच्या अगदी आधी धूर खाली वळतो. धूर वळला की तो बोलायचा. जहाज खरं किती मोलाचं आहे, याच्याशी त्याच्या जिंकण्याचा संबंध नव्हता.

आपल्या काळातली मेणबत्ती म्हणजे ईबे. तिथं बोली ठरल्या सेकंदाला बंद होते, त्यामुळं जाणकार लोक गप्प बसतात आणि शेवटच्या काही सेकंदांत झडप घालतात. ॲमेझॉनही एके काळी लिलाव चालवत असे, आणि तिथं शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांततेत गेल्याशिवाय लिलाव संपत नसे. अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना छापली: शेवटच्या घडीची झडप ईबेवर कितीतरी जास्त, आणि कॉम्प्युटरपेक्षा जुन्या दुर्मीळ वस्तूंच्या लिलावात जास्त. कारण उघड आहे. जुनी वस्तू ओळखायला नजर लागते, आणि जाणकारानं लवकर बोली लावली की बाकीच्यांना कळतं, यात काहीतरी आहे. रॉथ यांना पुढं २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हॅट्रिकची तीन मिनिटं ॲमेझॉनच्या बाजूची आहेत. मला त्यांचा अभिमान वाटतो, जणू मीच तो नियम केलाय. तीन मिनिटांत माणूस चहाचा कप खाली ठेवून विचार करू शकतो: हा एकोणीस वर्षांचा प्लेमेकर मला खरोखर एवढ्याला हवा आहे का? पगार झेपेल का? ज्याचं इंटरनेट हळू आहे, ज्याचा फोन जुना आहे, ज्याला मध्येच टँकरचा नमुना घ्यायला उठावं लागतं, त्यालाही उत्तर द्यायची संधी मिळते. धूर ओळखणाऱ्याला इथं फायदा नाही.

पण बोली न्याय्य झाली म्हणजे हंगाम न्याय्य झाला असं नाही. हॅट्रिकनं इथंही काही चांगलं केलंय. खेळाडू विकताना एजंट आपला वाटा कापून घेतो, आणि खेळाडू क्लबात जितके कमी दिवस राहिला तितका तो वाटा मोठा. म्हणजे शुक्रवारी घेऊन सोमवारी विकणाऱ्याला फटका बसतो. ज्या क्लबानं त्याला पोर म्हणून पुढं आणलं, त्या मूळ क्लबाला पुढच्या प्रत्येक विक्रीतून छोटा हिस्सा जातो. मी वाढवलेला एक डिफेंडर तीन देश फिरला, आणि दर विक्रीला माझ्या खात्यात थोडे पैसे पडत गेले. खेळात मिळालेल्या चषकापेक्षा मला ते जास्त सुखावतात. एका माणसाला एकच संघ, हा नियम पूर्वी होता. मित्राला भलत्या किमतीला खेळाडू विकून पैसे पोचवणाऱ्यांवर गेम मास्टर नजर ठेवतात आणि दंड करतात. या सगळ्यातून पैसा थोडा शिस्तीत येतो. पण तारीख नाही. बाजार वर्षभर उघडा. तेराव्या फेरीच्या आदल्या रात्री घेतलेला स्ट्रायकर तेराव्या फेरीत गोल करू शकतो.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वाढलेला. आमच्याकडं फुटबॉल टीव्हीवर यायच्या कितीतरी आधीपासून तालमींचा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. संघ म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे संघ. हंगामाच्या आधी केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं खेळाडूंची नोंदणी होते. त्या दिवसांत गावात दुसरा विषय नसतो. कोण कुठल्या तालमीला गेला, कुणाला किती दिले, बाहेरून कोण आलं. परदेशी खेळाडूही येतात आणि किती घ्यायचे याला मर्यादा असते. माझे मामा प्रॅक्टिस मॅचपासून शाहू स्टेडियमवर ठाण मांडणारे. मिडल्सबरोचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. नोंदणी संपली की ते म्हणायचे, “झालं. आता हाय त्या पोरांवर खेळायचं.” संघ जिंकेल की हरेल हे नंतरचं. पण आपला संघ कोणता, हे त्या दिवशी ठरायचं आणि मग पेठ त्या पोरांच्या मागं उभी राहायची. फिफानं युरोपसह सगळीकडं ट्रान्सफरच्या ठरलेल्या खिडक्या २००२-०३ पासून आणल्या, ते करार आणि कायद्याच्या वेगळ्या भांडणांतून. पण पेठेतल्या माणसाला त्यातलं मर्म समजावून सांगावं लागलं नाही.

ऑनलाइन खेळांत तारीख नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी ऐकलंय आणि ते हलकं नाही. बाराव्या फेरीत तुमचा एकमेव गोलकीपर जखमी झाला तर? नवा आलेला माणूस पहिल्या हंगामात बाजारच बंद बघून कंटाळून निघून गेला तर? शिवाय बाजार थांबला की विकणाऱ्याचंही नुकसान, किमती पडतात. ही सगळी अडचण खरी आहे. म्हणूनच मला १९११ चा नियम जवळचा वाटतो. त्यानं खरेदी थांबवली नव्हती, आणि “लीगच्या परवानगीशिवाय” या शब्दांत अडलेल्यासाठी दार किलकिलं ठेवलं होतं.

माझी मागणी एवढीच आहे. बारावी फेरी संपल्यानंतरही खेळाडू विकत घ्यावा, त्याला ट्रेनिंग द्यावं, मैत्रीपूर्ण सामन्यात खेळवावं. लीगच्या उरलेल्या दोन फेऱ्यांत त्याला उतरवता येऊ नये, आणि पात्रता सामन्यातही नाही. सवलत फक्त गोलकीपरला, तीही क्लबात दुसरा धडधाकट गोलकीपर नसेल तर. सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये, जिथं नवे लोक येतात आणि खाली घसरायला जागाच नसते, तिथं हा नियम लावायचं कारण नाही.